मास्तर आधी

आमचा पहिला अल्बम धुळ्यात रेकॉर्ड झाला, अहिराणी लग्नगीतांच्या कॅसेटी जिथे निघायच्या त्याच खोलीत, आणि मला त्याचा आजही भयंकर अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी विनय वगैरे दाखवणार नाही. नव्वदीची सुरुवात होती. जळगावात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात उभा राहणारा एक कंटाळलेला माणूस, एवढीच लोकांची कल्पना. त्या दिवसांत आम्ही चौघांनी आठ तुकड्यांची आख्खी कॅसेट काढली. बँडचं नाव इथे देत नाही. ते इंग्रजी होतं, त्यात एक गरुड होता, आणि माझी मुलं ते ऐकून अजून खिदळतात.

चौघांत गिटारवर माझा मोठा भाऊ आणि कीबोर्डवर मी. बास गिटार वाजवणारा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला, भाऊचा कॉलेजातला दोस्त. आणि ड्रमवर होता आमच्या वडिलांच्या बँडपार्टीतला साइड ड्रमवाला. हो, आमचे वडील बँडवाले. लग्नाच्या वरातीपुढे चालणारा, लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर पिसं, तसला बँड. त्यांना घरात आम्ही आबा म्हणायचो आणि बाहेर सगळे मास्तर म्हणायचे. ते क्लॅरिनेट वाजवायचे. जळगावला लागूनच पिंप्राळ्यात आमचं घर आणि गावात बँडचं दुकान, म्हणजे एक गाळा, त्यात खुंट्यांवर कोट आणि भिंतीला टेकलेले ढोल.

आबांच्या उस्तादांनी उमेदीची वर्षं एका संस्थानाच्या बँडमध्ये काढली होती. तिथे एका गोऱ्या बँडमास्तरने त्यांना कागदावरच्या खुणा वाचून वाजवायला शिकवलं. संस्थान गेलं, बँड मोडला, उस्ताद खान्देशात आले आणि लग्नं वाजवू लागले. पण जुन्या विलायती चर्चच्या आणि राजदरबाराच्या चाली त्यांच्या बोटांत राहिल्या, आणि त्यांच्याकडून आबांच्या बोटांत आल्या. त्यातली एक लांबलचक चाल होती. तिला बँडमध्ये नुसतं ‘इंग्रजी’ म्हणत. “मास्तर, इंग्रजी होऊ द्या,” असं पूर्वी मुलीकडचे वडीलधारे म्हणायचे आणि मग मांडवाच्या दारात ती वाजायची. मी मोठी होईपर्यंत तिला कोणी विचारेनासं झालं होतं. सगळ्यांना सिनेमातली गाणी हवी असत, त्यावर नाचता येतं.

आबांचे नियम मात्र उस्तादांचेच होते. मास्तरने सुरू केल्याशिवाय कोणी वाद्याला हात लावायचा नाही. आणि वरात चालू असताना समोरून मयत आली, तर मास्तर हात वर करणार. हात वर गेला की सूर अर्धा असला तरी तोडायचा, टोपी काढायची, गप उभं राहायचं. तिरडी कोपऱ्यावर वळली की पुन्हा सुरू करायचं, पण तेही मास्तरने. आधी एकटं क्लॅरिनेट, हळू, एक ओळ. मग साइड ड्रम. मग बाकीचे. हा क्रम चुकला तर आबा भर वरातीत शिव्या घालत. आम्ही लहानपणी अंगणात वरात-वरात खेळायचो ते या नियमासकट. एक पोरगं मढं होऊन पडायचं, दोघं त्याला ओढत न्यायचे, आणि बाकीचे ताटल्या बडवणं थांबवून उभे राहायचे. मी कधीच मढं झाले नाही. मीच मास्तर व्हायचे.

फक्त अंगणात. खऱ्या वरातीत मुलीने वाजवायचं नसतं. आबांनी मला पेटी शिकवली, त्या कागदावरच्या खुणाही शिकवल्या, बँडमधल्या कुठल्याही ट्रम्पेटवाल्यापेक्षा मला चाली जास्त पाठ होत्या, पण मॅटाडोर भरून बँड निघाला की मी ओट्यावर उभी राहून टाटा करायचे. मला राग यायचा. तो कुठे काढायचा ते कळत नव्हतं, आणि मग भुसावळहून ती कॅसेट आली.

भुसावळच्या दोस्ताचा मामा जहाजावर होता. त्याने आणलेल्या कॅसेटीत कोणी परदेशी माणूस गिटार अशी वाजवत होता की भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. प्रचंड वेग, मागे धडाडणारे ड्रम, आणि त्या सगळ्या धुमाळीत मधूनच एखादी अगदी जुनी, देवळासारखी गंभीर चाल. आम्ही ओट्यावर टेप लावून ऐकत होतो. आबा आत दाढी करत होते. साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले आणि म्हणाले, “हाई तं आमना उस्तादनं शे. पयत पयत वाजाडी राह्यना नुस्ता.” म्हणजे हे आमच्या उस्तादांचंच आहे, हा फक्त पळत पळत वाजवतोय. एवढं बोलून ते आत गेले. भाऊने टेप मागे फिरवून पुन्हा लावली. आमचा बँड त्याच वेळी सुरू झाला असं मी मानते.

पुढे पुण्याच्या एका जाणकाराने आमची कॅसेट ऐकून सांगितलं की या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह निओक्लासिकल मेटल म्हणतात. आबा म्हणाले, एवढं लांब नाव तर भुसावळला थांबणाऱ्या गाड्यांनाही नसतं. आम्ही त्याला ‘आपलं’ म्हणत होतो. दुपारी दुकानात तालीम. बँडचा मोठा ढोल आडवा ठेवून त्याला पायाने मारायची सोय ड्रमवाल्याने स्वतः बनवली होती. दोन साइड ड्रम, वरातीच्या झांजा बांबूला टांगलेल्या. मी माझ्या कॅसिओवर चर्चमधल्या ऑर्गनचा आवाज लावायचे. शेजारचा कापडवाला शटर ओढून घ्यायचा. बँडमधली जुनी माणसं दाराशी बसून तंबाखू मळत आणि कोणी मेल्यासारखी तोंडं करत. तरी रोज येऊन बसत.

सात तुकडे आमचे स्वतःचे होते. आठवा, शेवटचा, सगळ्यांत लांब, तो आबांच्या इंग्रजीवर बांधलेला. भाऊने तिचे सूर घेऊन गिटारवर असे काही उलटेपालटे केले होते, की एकच चाल चार जण चार बाजूंनी धावत आणतायत असं वाटायचं. मधे एक जागा मोकळी सोडलेली होती. तिथे क्लॅरिनेट यायला हवं होतं, आबांचं. भाऊने गिटारसुद्धा आबांच्या क्लॅरिनेटच्या सुराला लावून घेतली होती.

आणि आबांनी साफ नाही म्हणून सांगितलं.

आणि आम्हाला तर घाई होती, त्यांच्या दातांमुळे. वरचे पुढचे दात हलत होते. डॉक्टरांनी काढायला सांगून वर्ष झालं होतं. क्लॅरिनेट तोंडात धरतात ते वरच्या दातांना टेकवून. दात गेले की वाजवणं गेलं, निदान आबांच्या वयाला तरी. म्हणून त्यांनी ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि त्यानंतरच्या सगळ्या लग्नतिथी तसंच हलत्या दातांनी वाजवून काढल्या. शेवटची तिथ झाली की दात काढायचे, असं ठरलं होतं. म्हणजे शेवटची तिथ आणि दात काढणं यांमधे जे काही दिवस होते, त्यातच आबांचा सूर टेपवर येणार होता. नाहीतर कधीच नाही. उस्तादांची ती चाल आबांनी वाजवलेली कुठेही नोंदलेली नव्हती.

भाऊने विनवलं, मी रडून दाखवलं, ड्रमवाल्याने पाय धरले. आबांचं एकच. “तुमना गाणामा क्लॅरिनेट कव्हय येस? मधमा. गिटारना मांगे. मास्तर मांगे वाजाडत नई.” तुमच्या गाण्यात क्लॅरिनेट येतं ते मधे, गिटारच्या मागून, आणि मास्तर मागून वाजवत नाही. भाऊ म्हणाला, मग आधी वाजवा, सुरुवातीला घेऊ. तर म्हणे, मी सुरू केलेलं तुम्ही असं पळवणार, ते मला चालणार नाही. मी चिडून म्हटलं, “मग तुमच्याबरोबर जाऊ द्या ती चाल.” हे मी म्हणायला नको होतं असं आई म्हणाली. मला अजूनही वाटतं की म्हणायला हवंच होतं.

धुळ्याला निघायच्या दिवशी आबा पहाटेच मॅटाडोरमध्ये पुढे बसलेले. काळी टोपी, धुतलेलं धोतर. ड्रम माझ्या दुकानाचे आहेत, ते एकटे जाणार नाहीत, म्हणाले. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. ती का घेतली, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. वाटेत पारोळ्याला चहा प्यायलो तेव्हाही पेटी काखेतच होती.

स्टुडिओ म्हणजे एका गल्लीतल्या घराचा माडीवरचा भाग. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे ट्रे. मालकांना सगळे नाना म्हणत. त्यांनी उभ्या हयातीत ढोलकी, पेटी आणि नवरदेवाच्या मावश्या यांच्यापलीकडे काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं. आमचं सामान बघून ते म्हणाले, “नवरदेव कोठे शे?” पण माणूस दिलदार. वेगवेगळं वाजवून नंतर जोडायची सोय त्यांच्याकडे नव्हती. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, चुकलं की पहिल्यापासून. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. गल्लीकडची खिडकी तेवढी उघडी, कारण नाहीतर आम्ही उकडून मेलो असतो. त्या खिडकीशी लाकडी बाकावर आबा बसले.

दोन दिवसांत सात तुकडे झाले. शेवटच्यासाठी नानांकडे टेपची एकच चक्री कोरी उरली होती, आणि संध्याकाळी लाईट जायची. क्लॅरिनेटची मोकळी जागा भाऊने कीबोर्डने भरायला मला सांगितलं. मी ती भरणार होते, पण नाइलाजाने. मला ते पेटीसारखे सूर तिथे नको होते. मला आबा हवे होते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दोन्ही दिवस दुपारच्या जेवणानंतर आबांनी क्लॅरिनेट काढून जोडून ठेवलं होतं. लाकडाला हवा लागू दे, म्हणाले. आणि तोंडात काहीतरी चघळत होते. आबा सुपारी खात नसत. मी जवळून जाताना पाहिलं, ती क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवायची वेताची पट्टी होती. वाजवण्याआधी ती ओली करावी लागते. दोन दिवस ते ती तोंडात ओली करत बसले होते. मी तशीच पुढे गेले. बोलले असते तर थुंकून टाकली असती त्यांनी.

नानांनी बोट दाखवलं आणि आम्ही सुरू केलं. मी आयुष्यात पुष्कळ वाजवलं, पण त्या दिवसासारखं नाही. भाऊची ती सगळ्यात अवघड, वाऱ्यासारखी धावणारी जागा तालमीत दर वेळी कुठे ना कुठे अडखळायची. ती त्या दिवशी पाण्यासारखी गेली. ड्रमवाला हसत होता. बासवाल्याचे डोळे मिटलेले. आम्ही मोकळ्या जागेच्या अगदी जवळ आलो होतो, मी बोटं उचलून तयार होते, आणि खिडकीशी आबांचा हात वर गेला.

मी थांबले. भाऊ थांबला, तार तशीच दाबून. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. विचार करायला वेळच नव्हता. तो हात वर गेला की थांबायचं, हे आमच्या हाडांत होतं. खाली गल्लीतून मयत चालली होती. आबांनी टोपी काढली होती आणि ते उभे होते.

बिचाऱ्या बासवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो रेल्वे क्वार्टरमधला, त्याच्याकडे वरात म्हणजे कॉलनीच्या मैदानात लावलेले भोंगे. तो डोळे मिटून एकटाच वाजवत राहिला, धुम, धुम, धुम. मग डोळे उघडून दचकला आणि त्याने तारांवर हात ठेवला. खालून ‘राम बोलो भाई राम’ अगदी हलकं ऐकू येत होतं. मी भाऊकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. एवढं जमून आलेलं गेलं, टेप गेली, दिवस गेला, हे मलाही कळत होतं. नाना टेप बंद करतील म्हणून मी तिकडे वळले, तर नाना हात जोडून खिडकीकडे बघत उभे. चक्री फिरतच होती.

तिरडी कोपऱ्यावर वळली. आबांनी टोपी घातली. आणि मग त्यांनी तेच केलं जे त्यांनी आयुष्यभर रस्त्यावर केलं होतं. मयत वळल्यावर पुन्हा सुरू करायचं असतं, आणि ते मास्तरचं काम असतं. त्यांनी पट्टी बसवली, क्लॅरिनेट उचललं आणि इंग्रजीची पहिली ओळ वाजवली.

एकटी. हळू. त्या हलत्या दातांवर तोलून. शेवटच्या सुरात किंचित थरथर होती, ती टेपवर आहे, आणि ती काढून टाका असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. ओळ संपली आणि ड्रमवाला काठीच्या टोकाने आत आला, वरातीत येतो तसा. मग मी. मग धुम, धुम. सगळ्यात शेवटी भाऊ आला, आमचा दांडगा पुढारी भाऊ, बापाच्या मागून, इतक्या अदबीने की गिटार त्याची वाटेना. आबांनी पूर्ण चाल वाजवली. मग क्लॅरिनेट मांडीवर घेतलं आणि भाऊला मानेने खूण केली, आता पळव. भाऊने पळवली. शेवटचा ठोका पडला तेव्हा ड्रमवाला रडत होता आणि नाना विचारत होते, झालं का, बंद करू का.

आबांनी पहिल्यांदा बासवाल्याला धारेवर धरलं. “मढं जाई राह्यनं आनि तू वाजाडी राह्यना? शरम शे का?” तो हात जोडून उभा. त्याचे ते एकट्याचे ठोकेही अल्बममध्ये आहेत. पुण्याच्या त्या जाणकाराला नेमकी तीच जागा आवडली. ही शांतता तुम्ही किती मात्रांची बांधली आहे, असं त्याने भाऊला मोठ्या आदराने विचारलं. भाऊ म्हणाला, “मयत कोपऱ्यावर वळेपर्यंत.” त्याला वाटलं भाऊ फार खोल बोलतोय.

आठवड्याने आबांचे दात काढले. त्यानंतर ते तोंडावर पंचा धरूनच बोलत. हसणं तर सोडूनच दिलं. दुकानात जात, खुर्चीवर बसत, क्लॅरिनेटला तेल लावत आणि परत पेटीत ठेवत. मला ते बघवत नसे.

पावसाळा सरता सरता कॅसेटी छापून आल्या. कव्हरवर आम्ही चौघं बँडचे लाल कोट घालून, मीसुद्धा, पिसांसकट. पहिला गठ्ठा आम्ही दुकानात नेला. बँडची सगळी माणसं जमली होती. नव्या हंगामाआधी कोट-टोप्या अंगावर घालून बघायचा दिवस होता तो, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. भाऊने टेप लावली. पहिले सात तुकडे त्यांनी पाहुण्यांकडचं तिखट कालवण खावं तसे, माना हलवत, घाम पुसत ऐकून घेतले. म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याने कानात बोट घातलं होतं, खाज आल्याचं सोंग करून. आठवा लागला आणि तो म्हणाला, “मास्तर, हाई तं आपली इंग्रजी शे!” सगळे पुढे सरकले. आबा पंचा तोंडावर धरून, जमिनीकडे बघत बसलेले.

आणि ती जागा आली. वाद्यं एकदम थांबली. धुम, धुम, धुम, मग काहीच नाही. टेपच्या खरखरीतून, फार दुरून, राम बोलो भाई राम.

ट्रम्पेटवाला पहिल्यांदा उठला. त्याने टोपी काढली. मग ढोलवाला, मग झांजवाले, मग सगळे. आम्ही त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. सगळे दुकानात ओळीने टोप्या हातात घेऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावर एक केळीची गाडी आणि एक कुत्रा, बाकी कोणी नव्हतं. मी वळून पाहिलं तर आबाही उभे होते, हात वर करून.

मग टेपमधून त्यांचं क्लॅरिनेट आलं. आबांनी ते ऐकलं, एक ओळ, शेवटच्या थरथरीपर्यंत. हात खाली घेतला. साइड ड्रमवाल्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला, बरोबर जागेवर. आबांनी तोंडावरचा पंचा काढला आणि हसले, पुढचे दात नसलेलं, भलंमोठं.

“टोप्या घाला रे बठ्ठा,” ते म्हणाले. “आते मना पोरे वाजाडतीन.”

आता माझी पोरं वाजवतील. पोरगा नाही, पोरं म्हणाले ते. भाऊ आणि मी, दोघंही.